बुडालेल्या जहाजांचे वंशज

साखरखेर्ड्यापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरहून लांब आहे. बुलडाणा जिल्ह्यातलं, सिंदखेडराजा तालुक्यातलं हे गाव. भोवती काळी जमीन, कपाशी, सोयाबीन आणि खाली काळा कातळ. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या माणसांच्या वंशजांचा शोध घ्यायला कुणी इथून निघणार नाही. मी इथूनच निघालो, आणि त्याला कारण आहे. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी या गावाच्या शिवारात निजाम-उल्-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान मारला गेला, निजामाचं दख्खनमधलं राज्य इथून पुढे जवळजवळ स्वतंत्र झालं, आणि विजयाची खूण म्हणून गावाचं नाव फतेहखेर्डा ठेवलं गेलं. ते नाव लोकांच्या तोंडी रुजलं नाही. कागदावर जिंकणाऱ्याचं नाव राहिलं, पण बाजाराला जाणारा माणूस साखरखेर्डाच म्हणत राहिला. तोंडी परंपरा किती चिवट असते याचा याहून साधा दाखला मला माहीत नाही. पुढे या परंपरेवर मी शंका घेणार आहे, म्हणून तिचं हे बळ आधीच मान्य करतो. दुसरं कारण असं की, त्या दिवशी मराठ्यांची फौज घेऊन निजामाच्या बाजूने उभा असलेला चोवीस वर्षांचा पेशवा पहिला बाजीराव हा श्रीवर्धनच्या भट घराण्यातला, म्हणजे चित्पावन. फुटलेल्या जहाजातून वाहत आलेल्या चौदा प्रेतांपासून ज्यांची उत्पत्ती सांगितली जाते, त्या समाजातला. समुद्राची गोष्ट घोड्यावर बसून तीनशे वर्षांपूर्वीच या शिवारात येऊन गेली होती.

जहाजफुटीतून आलेल्या पूर्वजांची जगातली सर्वांत प्रसिद्ध कथा स्पॅनिश आहे. १५८८ मध्ये स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाने इंग्लंडवर सुमारे १३० जहाजांचं आरमार धाडलं. ते परतताना वादळात सापडलं आणि एकट्या आयर्लंडच्या किनाऱ्यावर त्यातली दोन डझनांच्या आसपास जहाजं फुटली. तेव्हापासून आयर्लंडच्या पश्चिम भागात एखाद्या घराण्यात काळे केस, काळे डोळे, सावळा वर्ण दिसला की सांगतात, हे बुडालेल्या स्पॅनिश खलाशांचे वंशज. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवरही ही कथा आहे. फेअर आयल नावाच्या चिमुकल्या बेटावरचे लोकरीच्या विणकामाचे नक्षीदार नमुनेसुद्धा स्पॅनिश खलाशांनी शिकवले असं म्हणतात. आता पुरावा पाहा. फेअर आयलला ‘एल ग्रान ग्रिफॉन’ हे जहाज खरोखरच फुटलं. त्यातली सुमारे तीनशे माणसं बेटावर उतरली, पन्नासेक जण तिथेच मेले आणि उरलेले काही आठवड्यांत बेट सोडून गेले. विणकामाच्या त्या नमुन्यांचा माग मात्र एकोणिसाव्या शतकाच्या फार मागे जात नाही. आयर्लंडमध्ये किनाऱ्याला लागलेल्या बहुतेक स्पॅनिशांना इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाने ठार मारण्यात आलं. ‘जिरोना’ जहाजावर सुमारे तेराशे माणसं होती, त्यातली दहाही वाचली नाहीत. स्ट्रीडाच्या किनाऱ्यावर तीन जहाजं फुटली. तिथून जिवानिशी सुटलेल्या फ्रान्सिस्को दे कुएलार या कप्तानाने पुढच्या वर्षी लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. त्याच्या पत्रात लपणं आहे, उपाशी चालणं आहे, स्कॉटलंडमार्गे निसटणं आहे. घर मांडून राहणं नाही. म्हणजे जहाजं खरी, फुटणं खरं, माणसंही खरी. फक्त वंशजांचा हिशेब जुळत नाही.

ही कथा आपल्याशी संबंध नसलेली वाटेल, पण ज्या फिलिपने ते आरमार धाडलं, तोच १५८० पासून पोर्तुगालचाही राजा होता. ते आरमार निघालं लिस्बनहून, आणि त्याच राजाच्या नावाने तेव्हा गोवा, वसई आणि चौलचा कारभार चालत होता. म्हणून स्पॅनिश दंतकथेची कसोटी कोकणात लावून पाहणं मला ओढूनताणून केलेलं वाटत नाही. वेगवेगळ्या किनाऱ्यांवरची माणसं आपल्या मूळपुरुषाला पाण्यातूनच वर का काढतात, हा माझा प्रश्न होता.

उत्तराची पहिली बाजू मात्र पाण्यापासून दूर, साखरखेर्ड्याच्याच आसपास सापडते. सिंदखेडराजा हे जाधवांचं गाव. लखुजीराजांची भव्य समाधी तिथे आहे, मोती तलाव आहे, आणि १५९८ मध्ये जिजाऊंचा जन्म इथलाच. जाधव घराणं आपलं मूळ देवगिरीच्या यादवांत सांगतं. देवगिरीचं राज्य १३१८ च्या सुमारास संपलं आणि लखुजीराव १६२९ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यात मारले गेले. मधल्या तीनशे वर्षांची कडी लावायची तर कागद विरळ होतात आणि परंपरा बोलू लागते. हा दावा खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. नाव, प्रदेश आणि वतन या तिन्हींचा विचार केला तर तो पुष्कळ संभवनीय आहे. मला लक्ष वेधायचं आहे ते त्याच्या घडणीकडे. देशावर माणसं बुडालेल्या राज्यापासून निघतात, कोकणात बुडालेल्या जहाजापासून. दोन्हीकडे मूळ ठिकाणी काहीतरी थोर होतं आणि ते नाहीसं झालं. आणि नाहीसं झालं, म्हणूनच आज दाखवायला काही नाही.

उत्तराची दुसरी बाजू लोणारला आहे. लवणासुर जमिनीखाली राहत होता, दैत्यसूदन रूपात विष्णूने त्याच्या बिळावरचं झाकण उडवून त्याला मारलं आणि तिथे हे खारं सरोवर झालं, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर उल्कापाताचं आहे, हे १९७० च्या दशकात तिथल्या दगडांच्या तपासणीने पक्कं झालं. काही जण यावरून म्हणतात, पाहा, पूर्वजांना आकाशातला आघात आठवत होता. मला हे पटत नाही. आघाताला पाच लाखांहून अधिक वर्षं झाली असं अलीकडचं मापन सांगतं, आणि जुने कमीत कमी अंदाज धरले तरी पन्नास हजार वर्षं. इतकी लांब आठवण कुठल्याही समाजाला नसते. कथा रचणाऱ्याला जे माहीत होतं ते डोळ्यांसमोर होतं. एवढा गोल खड्डा आपोआप पडत नाही, आणि आत मीठ आहे. त्यावरून त्याने मागे जाऊन कारण बसवलं, आणि त्याच्या जगातल्या साधनांनी ते उत्तम बसवलं. लोणारची कथा हे अनुमान आहे, आणि कुळाच्या मूळकथाही बहुतांशी अशाच असतात असं माझं म्हणणं आहे. आज जे दिसतं त्यापासून त्या निघतात आणि मागे जातात. आपल्याला वाटतं, त्या मागून पुढे चालत आल्या.

हे मत घेऊन जालना, छत्रपती संभाजीनगर, पुणे असं करत घाट उतरलं की चिपळूण लागतं. गावाबाहेर, डोंगरउतारावर परशुरामाचं देवस्थान आहे, खाली वाशिष्ठीचं खोरं पसरलेलं. सह्याद्रिखंड या ग्रंथातली कथा अशी: परशुरामाने समुद्र हटवून भूमी मिळवली, पण कर्मं करायला ब्राह्मण मिळेनात. तेव्हा किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेतं त्याने चितेवर शुद्ध करून जिवंत केली, आणि चितेने पावन झालेले ते चित्पावन. आता चौदा हा आकडा पाहा. चित्पावनांची गोत्रं चौदा आहेत. किनाऱ्याला तेरा किंवा सतरा प्रेतं का लागली नाहीत, याचं उत्तर समुद्रात सापडणार नाही, ते गोत्रावळीत आहे. कथा सांगणाऱ्याने आधी गोत्रं मोजली आणि मग तितकी प्रेतं किनाऱ्यावर मांडली. नावाचंही तसंच. ‘चित्पावन’ हा शब्द आधीपासून होता. ‘चित्त’ घेतलं तर एक अर्थ निघतो, ‘चिता’ घेतलं तर दुसरा, आणि दुसरा अर्थ घेतला की प्रेतं लागतातच. घारे डोळे आणि गोरा वर्णही असाच कामी आला. एकोणिसाव्या शतकापासून या समाजाला इराण, ग्रीस, आणखी कुठून कुठून आणलं गेलं, आणि दर वेळी डोळ्यांचा रंग हाच साक्षीदार म्हणून उभा केला गेला. आयर्लंडात काळा डोळा परका ठरला, कोकणात घारा. म्हणजे रंगाला स्वतःचं काही सांगायचं नसतं. बहुसंख्यांहून वेगळा दिसणारा रंग कथा मागून घेतो, इतकंच.

इथे एक आक्षेप रास्त आहे. मूळकथा गौरवासाठी रचतात म्हणावं, तर कुठला समाज स्वतःला प्रेतांपासून उत्पन्न झालेला म्हणवून घेईल? गैरसोयीची गोष्ट टिकली, म्हणजे तिच्यात तथ्य असणार. इतिहासाच्या अभ्यासात ही कसोटी मोलाची आहे, पण ती लावण्याआधी गोष्ट कोण सांगतंय ते विचारावं लागतं. चौदा प्रेतांची कथा सह्याद्रिखंडात आहे. जोझफ गर्सन द कुन्हा यांनी १८७७ मध्ये छापलेल्या या ग्रंथात कोकणातल्या वेगवेगळ्या ब्राह्मणांच्या उत्पत्तिकथा आहेत आणि चित्पावनांबद्दलचा सूर प्रेमाचा नाही. त्यांच्याकडे ती गैरसोयीची आठवण म्हणून टिकली नाही. शेजाऱ्यांनी ती त्यांना चिकटवली, असं मानायला जागा आहे. आणि ती लोकांच्या तोंडी बसली असावी ती १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथाला पेशवेपद मिळाल्यानंतर, म्हणजे ज्यांचं नाव देशावर फारसं कुणी ऐकलं नव्हतं ते अचानक सत्तेच्या मध्यभागी दिसू लागले तेव्हा. ही माणसं आली कुठून, हा प्रश्न पुण्यात आणि साताऱ्यात विचारला गेला असणार. प्रश्न नवा होता, तिथे उत्तर जुनं कसं असेल?

चिपळूणहून महामार्गाने उत्तरेला येऊन किनाऱ्याकडे वळलं की कुंडलिका नदीच्या मुखाशी कोर्लई आहे. या प्रवासात मला सर्वांत जास्त शिकवलं ते या गावाने, कारण इथे खरोखरच युरोपातून आलेल्या माणसांचे वंशज राहतात आणि त्यांच्याकडे फुटलेल्या जहाजाची गोष्ट नाही. समुद्रात घुसलेल्या सुळक्यावरचा किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला. तेव्हा सिंहासनावर तोच स्पेनचा फिलिप होता. पलीकडे रेवदंड्याच्या तटबंदीत पोर्तुगीजांचं चौल. शिपायांनी स्थानिक स्त्रियांशी लग्नं केली, त्यांची मुलं ख्रिस्ती झाली. १७४० मध्ये चौल मराठ्यांच्या हाती आलं, पोर्तुगीज निघून गेले आणि गाव मागे राहिलं. पोर्तुगालशी संबंध तुटून पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली, तरी कोर्लईचे ख्रिस्ती घरात एक पोर्तुगीज मिश्रभाषा बोलतात. तिला ते ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची भाषा. ‘लिंग’ हा पोर्तुगीज ‘लिंग्वा’, जीभ. बोलणारे हजाराच्या आसपासच असतील. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. या भाषेत शब्द पोर्तुगीज आहेत, पण वाक्य मराठीसारखं चालतं आणि क्रियापद शेवटी येऊ लागलं आहे. बापाचे शब्द आणि आईची वाक्यरचना, असं म्हणावंसं वाटतं. ते पूर्ण खरं नाही, कारण मराठीची ही छाप नंतरच्या शतकांतल्या शेजारामुळेही पडली आहे. पण त्या भाषेचा जन्म दोन भाषांच्या एका घरात झाला, याबद्दल शंका नाही.

कोर्लईवरून मला एक नियम दिसतो. ज्यांच्याजवळ पुरावा आहे त्यांना जहाज बुडवावं लागत नाही. भाषा जिभेवर आहे, आडनावं चर्चच्या दप्तरात आहेत, किल्ला डोक्यावर उभा आहे. कोण कुठून आलं हे सांगायला वादळाची गरज नाही. उलट मूळगावची भाषा, ग्रंथ, नावं, पत्रं यांतलं काहीच उरलं नाही तिथे ‘सगळं समुद्रात गेलं’ हे एकच वाक्य सगळ्या प्रश्नांना पुरतं. हाच नियम साखरखेर्ड्यापर्यंत मागे नेता येतो. तिथल्या शेतातला मका, भुईमूग, ठेच्यातली मिरची आणि तंबाखू ही सगळी अमेरिका खंडातली पिकं; स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांनी ती समुद्रापार आणली. बांधकामावरचं घमेलं, महिन्याचा पगार, कुलपाची चावी, हे शब्द पोर्तुगीज. वऱ्हाडात बटाट्याला पुष्कळ लोक आलू म्हणतात, पण घमेल्याला घमेलंच. जी जहाजं सुखरूप पोचली त्यांनी आपलं खाणं आणि बोलणं बदलून टाकलं, आणि त्यांच्याविषयी एकही कुळकथा नाही.

कुंडलिकेवरचा पूल ओलांडून रेवदंडा, मग अलिबाग, आणि पुढे थळ आणि किहीमच्या मधलं नवगाव. बेने इस्रायल समाजाची कथा इथली. छळाला कंटाळून पॅलेस्टाईनहून निघालेल्या ज्यूंचं जहाज खांदेरी-उंदेरी बेटांजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांची प्रेतं नवगावला किनाऱ्यालगत दोन टेकाडांखाली पुरली गेली, पुरुषांचं एक, स्त्रियांचं एक. आज तिथे स्मारकस्तंभ आहे. वाचलेल्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. उरली ती ‘शेमा’ ही एक प्रार्थना, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शनिवारचा विसावा. ते घाण्याचा धंदा करू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. गावांवरून आडनावं पडली: किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर. हैम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. त्यांनी आगमनाचा काळ इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास धरला. इतरांनी त्याच्याही मागे नेला, काहींनी पुढे सहाव्या शतकापर्यंत आणला. चित्पावनांची चौदा प्रेतं आणि इथले सात अधिक सात यांचं साम्य अभ्यासकांनी फार पूर्वीच दाखवलं आहे.

माझं म्हणणं इथेच सर्वांत कठीण परीक्षेला बसतं. बेने इस्रायलांची कथा तर खरी ठरली, असं कुणीही म्हणेल, आणि त्यात मोठा अंश खरा आहे. शनिवार तेली हे नाव त्यांनी स्वतःला दिलेलं नाही, ते शेजाऱ्यांच्या पाहण्यातून आलं. म्हणून मी त्याला भक्कम पुरावा मानतो. बाराव्या शतकाच्या अखेरीस मायमोनिडीस या ज्यू पंडिताने एका पत्रात लिहिलं की हिंदुस्थानातल्या ज्यूंना शब्बाथ आणि सुंता यांपलीकडे धर्माचं काही ठाऊक नाही. हे वर्णन या समाजाला चपखल लागू पडतं. आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्यांच्यात पश्चिम आशियाई ज्यू वारसा आहे हे स्पष्ट दाखवलं. ज्यांच्या म्हणण्यावर पुष्कळांनी शंका घेतली, ते आपल्या मुळाबद्दल बरोबर होते. ही गोष्ट मला फार मोठी वाटते, आणि तोंडी परंपरेला तुच्छ लेखणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी.

पण काय सिद्ध झालं आणि काय नाही, हे वेगळं करून पाहिलंच पाहिजे. वारसा सिद्ध झाला. जहाज झालं नाही. खांदेरीभोवतीचे खडक जहाजांना घातक आहेत, तिथे १८६७ मध्ये दीपगृह बांधावं लागलं, तेव्हा जहाज फुटणं अशक्य मुळीच नाही. पण चौलचं बंदर पश्चिम आशियाशी व्यापार करत शतकानुशतकं गजबजलेलं होतं. त्या बंदरात येणाऱ्या व्यापाऱ्याला इथे राहण्यासाठी बुडण्याची गरज नव्हती. जहाजफुटीची गरज पुढच्या पिढ्यांना पडली. हिब्रू का येत नाही, तोरा का नाही, सिनेगॉग का नाही, असं कुणी विचारलं तेव्हा. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलं. त्याआधीच्या काळाचं उत्तर समुद्राने दिलं. काळाबद्दलही जनुकं वेगळं सांगतात. स्थानिक लोकांशी मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचं, म्हणजे साडेसहाशे ते हजार वर्षांच्या आसपासचं. यावर कुणी म्हणेल की येणं आधीचं आणि मिसळणं नंतरचं असू शकतं. बरोबर आहे, असू शकतं. मग हजार-बाराशे वर्षं सात जोडप्यांची संतती फक्त आपापसात लग्नं करत राहिली असं मानावं लागेल, आणि ते मला अवघड वाटतं.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ज्यू वारसा मुख्यतः पुरुषांकडून आलेला आहे आणि भारतीय वारसा मुख्यतः स्त्रियांकडून. म्हणजे सात पुरुष किनाऱ्याला लागले असतील, सत्तर लागले असतील, त्यांच्याबरोबर काही स्त्रियाही आल्या असतील. पण या समाजाच्या पूर्वज मातांपैकी पुष्कळ जणी इथल्याच होत्या, अलिबागकडच्या अष्टागरातल्या, शेजारच्या वाडीतल्या. मग कथेला सात स्त्रिया कशाला लागल्या? ज्यू धर्मशास्त्रात मूल ज्यू ठरतं ते आईवरून. अठराव्या शतकापासून कोचीनचे ज्यू आणि नंतर बगदादी ज्यू यांच्याशी संबंध आल्यावर हा नियम बेने इस्रायलांसमोर ठळकपणे उभा राहिला असणार. सात बायकांशिवाय सात पुरुषांचा वंश त्या शास्त्रात टिकतच नाही. माझा तर्क असा की कथेतलं स्त्रियांचं टेकाड या गरजेतून पक्कं झालं. समाजाच्या आत ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्रायल असा भेद होता. स्थानिक स्त्रीपोटी जन्मलेल्यांची संतती ती काळे, आणि त्यांच्याशी बेटीव्यवहार नसे. म्हणजे स्थानिक आई समाजाला ठाऊक होती, फक्त ती दुसऱ्यांची होती. जनुकं सांगतात ती सगळ्यांचीच होती.

यावर शेवटचा आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा: एखाद्या समाजाने शतकानुशतकं उराशी धरलेली कथा अशी उलगडून काय साधतं? त्यातून त्यांच्या विरोधकांच्या हातात कोलीत मिळणार नाही का? ही भीती खोटी नाही. इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायलींना १९६२ मध्ये धर्मपीठाच्या आदेशाला तोंड द्यावं लागलं. इतर ज्यूंशी लग्न करायचं तर त्यांच्या आई-आजींची चौकशी व्हावी, असा तो आदेश होता. त्यांनी आंदोलन केलं, संप केला, आणि १९६४ मध्ये ते सर्व अर्थांनी ज्यू असल्याचं सरकारने मान्य केलं. हा लढा त्यांनी जिंकला तो सात जोडप्यांची साक्ष काढून नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवणारी माणसं ज्यू नाहीत असं म्हणणं लाजिरवाणं होतं, म्हणून जिंकला. कथेवर सगळा भार टाकला असता, तर ती एका प्रश्नासरशी मोडली असती. म्हणून मला वाटतं, कथेला जे पेलवत नाही ते तिच्यावर लादू नये, आणि जे आचारात जिवंत आहे त्याला कमी समजू नये.

आणि आचारात पाहिलं तर ती कथेबाहेरची आई कधी लपलेलीच नव्हती. बेने इस्रायल नवस फेडायला, लग्नाच्या आधी, नव्या घरात मलिदा करतात, एलियाहू हन्नाबीच्या नावाने. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर एलियाहूच्या रथाच्या घोड्याची टाप उमटली अशी श्रद्धा आहे. प्रार्थना हिब्रू, प्रेषित बायबलातला, आणि मधोमध ठेवलेल्या ताटात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं मांडलेली. पॅलेस्टाईनमध्ये पोहे करत नाहीत. भात कांडून पोहे करणारी, नारळ खवणारी बाई या किनाऱ्यावरची होती, आणि तिने नवऱ्याच्या देवासाठी आपल्या माहेरचा नैवेद्य मांडला. ग्रंथ समुद्रात गेले असतील किंवा कधी जहाजात नसतीलही. हे ताट मात्र गेलं नाही. नवगावच्या दोन टेकाडांपैकी एकातही ती नाही, कारण ती बुडालीच नव्हती. तिची भाषा मराठी होती. तिची लेकरं १९४८ नंतर इस्रायलला गेली, हिब्रू शिकली, आणि तिथे त्यांनी मराठीत एक नियतकालिक काढलं. त्याचं नाव ‘मायबोली’.